आड येणारे चौकोन

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रास्टरच्या, म्हणजे चौकोनांच्या जाळीच्या, एका चौकोनातला उंचीचा आकडा बदलायला फारसं काही लागत नाही. सर्व्हल नावाचं प्लगइन घ्यायचं, चौकोनावर टिचकी मारायची, 547 खोडून 545 लिहायचं, एंटर. रेषा-बिंदूंच्या लेयरला निदान अ‍ॅट्रिब्यूट टेबल असतं; कोणी, कधी, का बदललं यासाठी त्यात एखादा रकाना वाढवता येतो. रास्टरच्या चौकोनात जागा एका आकड्यापुरतीच. मी लिहिलेला 545 आणि रडारने मोजलेला 545 शेजारी शेजारी बसतात, आणि त्यातला माझा कोणता हे काही महिन्यांनी मलाही सांगता येत नाही. म्हणजे हा हिशेब सॉफ्टवेअर ठेवणार नाही. तो माझा मलाच द्यावा लागेल.

पाणलोटाच्या कामात उंचीसाठी आम्ही बहुतेक वेळा एसआरटीएमचं रास्टर घेतो. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या फेरीत केलेली ही रडारची मोजणी. चौकोन साधारण 30 मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांत घर, विहीर, बांध, आंब्याचं झाड सगळं मावतं, आणि त्या सगळ्यांना मिळून उंची एकच, तीही पूर्ण मीटरांत. दाट झाडी असेल तर रडार जमिनीपर्यंत पोचतच नाही. ओढ्यावरून रस्त्याचा भराव गेला असेल तर त्याखालची मोरी त्याला दिसत नाही. संगणकाच्या लेखी तिथे धरणच. मग प्रवाह काढताना ओढा भरावामागे तुंबतो, नाहीतर भलत्याच्याच शेतातून वळतो. अशा वेळी भरावाचे दोन-चार चौकोन खाली घेण्यात खोटं काही नाही. मोरी आहे, मी वाकून पाहिली आहे, पाणी तिच्यातून जातं. तिथे आकडा तसाच ठेवणं हेच चुकीचं.

इथपर्यंत माझं मन स्वच्छ आहे. पण हा भराव मी तपासला कशामुळे? ओढा वाकडा गेला म्हणून. टोपोशीटवरच्या निळ्या रेषेशी जिथे तो नीट जुळला, तिथले चौकोन मी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. तिथेही झाडी असेल, भराव असतील, आकडे दोन-तीन मीटरांनी चुकलेले असतील. फक्त त्या चुका माझ्या सोयीच्या. एकेक दुरुस्ती घेतली तर खरी, आणि सगळ्या मिळून नकाशा माझ्या अपेक्षेकडे सरकलेला. दुरुस्तीचा पुरावा म्हणून मी मोरीचा फोटो दाखवीन. नेमकी हीच जागा तपासायला का निवडली, याला माझ्याकडे फोटो नाही.

आणि अपेक्षा माझी एकट्याची नसते. बंधारा कुठे घ्यायचा हे अनेकदा नकाशा उघडण्याआधीच ठरलेलं असतं, निदान बोललेलं असतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. गावाला पाणी हवं असतं. तरी दोन मीटरांनी पाणी कोणत्या गटात तुंबणार हे बदलतं, आणि त्या गटाचा मालक माझ्या पडद्यासमोर बसलेला नसतो. एसआरटीएमची उंची 16 मीटरांपर्यंत चुकू शकते, तेवढी चूक नासाने आधीच हिशेबात धरली होती. सपाट रानात ती प्रत्यक्षात पुष्कळ कमी निघते हे खरं. पण हाच 16 चा आकडा दोन मीटर खाली घेताना मला धीर देतो, आणि कोणी दुसऱ्या बाजूने दोन मीटर वर घ्यायला सांगितलं की मी त्याला ‘मूळ माहितीशी छेडछाड’ म्हणतो.

गंमत म्हणजे हाताने चार चौकोन बदलताना मी एवढा अडखळतो, आणि ‘फिल सिंक्स’ चालवताना अजिबात नाही. ते एका दमात हजारो चौकोन उचलतं, खळगे भरून टाकतं. त्यात दगडखाणी आणि कोरडी तळीही गेली तरी माझी झोप उडत नाही. कारण रीत वांग आणि लिऊ यांची, 2006 ची, अहवालात एका वाक्यात बसणारी. पण बटण दाबणारा मीच की! संकोच खरेपणाचा असता तर तो दोन्हीकडे सारखा वाटला असता. मला वाटते ती नाव लागण्याची भीती.

काळाचाही घोळ आहे. मी आजची मोरी पाहून 2000 च्या जमिनीत आकडा घालतो. शेजारचा नाला त्यानंतर बुजवला गेला, तो मात्र रास्टरमध्ये वाहतोच आहे. एकाच फाइलमध्ये दोन काळ, आणि सीमारेषा कुठेच आखलेली नाही.

ती आखता येते, हेच मला टोचतं. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये बदललेल्या रास्टरमधून मूळ वजा केलं की माझा हात जिथे जिथे लागला तेवढंच उरतं, बाकी शून्य. परवा तसं करून पाहिलं. रंगीत ठिपके सगळे ओढ्याच्या एका काठाला, प्रस्तावित बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. पलीकडची टेकडी पूर्ण शून्य. टेकडीवर चुका नव्हत्या असं नाही. तिथे मी काही शोधत नव्हतो. आता तिथे डोळे झाकून काही बिंदू टाकायचे आणि तेही ठिपक्यांइतकेच कसून जाऊन बघायचे, असं ठरवलंय. त्या फेऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात कोणत्या सदरात दाखवायचा, यावर वाद होणार आहे. वजाबाकीचं रास्टर अहवालाला जोडायला मात्र कोणाला विचारावं लागत नाही. जवळजवळ सगळी शून्यंच, दाबून ठेवलं तर ईमेलने सहज जाईल एवढं लहान. फाइल जड होते, ही सबबही उरलेली नाही.