संप कोणी मोडला

दत्ता सामंत यांना मी कधी पाहिलं नाही. 1982 साली मी विशीत होतो, दहावी करून वावरात लागलो होतो. त्या काळी कापूस सरकारच घ्यायचं, एकाधिकार खरेदी योजना 1972 पासून चालू होती. दिग्रसच्या केंद्रावर बंडी रिकामी केली, पावती खिशात घातली, की कापसाचा आणि आपला संबंध संपला. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधतात, एवढं माहीत होतं. पुढं त्या गाठींचं सूत कोण काढतं हे विचारायची सवयच नव्हती. त्या जानेवारीत न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचला. 18 तारखेपासून मुंबईच्या कापड गिरण्या बंद, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की आपल्या कापसाच्या दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत, आणि त्यांनाही पुरत नाही.

डॉक्टर सामंत मूळचे मालवणकडच्या देवबागचे. घाटकोपरला त्यांचा दवाखाना. दगडखाणीतले मजूर औषधाला येत, त्यांची दुखणी पाहता पाहता डॉक्टर त्यांच्या मजुरीच्या भांडणात पडले. काँग्रेसमध्ये होते, 1972 ला आमदार झाले, तरी आणीबाणीत त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं त्यांना आत टाकलं. सुटून आले ते आणखी मोठे होऊन. कंपनीचा ताळेबंद ते बघत नसत, असं त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात, कौतुक करणारेही आणि शिव्या देणारेही. मजुराला किती लागतं ते आपण बघायचं, मालकाला किती परवडतं ते मालकानं बघावं. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून बिनसलं तेव्हा गिरणी कामगार त्यांच्याच दारी गेले. कायद्यानं बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघाला होता, आणि त्या संघावर कामगारांचा भरवसा उरला नव्हता. पगारवाढ हवी होतीच. पण आमच्या वतीनं कोण बोलणार हे आम्ही ठरवू, ही मागणी मला त्याहून मोठी वाटते.

तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. महिना झाला, वर्ष झालं. कामगार कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे आपापल्या गावी गेले. म्हणजे संप मुंबईत होता आणि त्याची भाकर गावच्या वावरातून निघत होती. गावाकडच्या भावानं शहरातल्या भावाचं कुटुंब किती दिवस पोसलं, हा हिशोब कोणी लिहून ठेवला असेल का? माझा भाऊ तसा आला असता तर मी पहिल्या पावसापर्यंत गोड बोललो असतो. पुढचं सांगता येत नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, काही कायमच्या गेल्या, हजारोंची नोकरी बुडाली, आणि ज्या कायद्याविरुद्ध भांडण होतं तो तसाच राहिला.

आता खरी गोष्ट पुढं आहे. 1984 च्या डिसेंबरात इंदिराबाईंच्या हत्येनंतरची निवडणूक झाली. देशात काँग्रेसला चारशेच्या वर जागा, अशी लाट. त्या लाटेत गिरणगावच्या मतदारांनी डॉक्टरांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. ज्यांचा संप बुडाला त्यांनीच. 16 जानेवारी 1997 ला पवईत त्यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला, तेव्हाही अंत्ययात्रेला कामगारांची गर्दी लोटली. आमच्याकडं नेत्यामुळं एका हंगामाचं नुकसान झालं तरी लोक त्याला गावात शिरू देत नाहीत. मग या माणसानं काय दिलं होतं? मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, तो विकला गेला नाही, एवढंच त्यांना पुरलं.

दुसरीकडं जॉर्ज फर्नांडिस. तेही मुंबईच्या कामगारांतून वर आलेले. 1974 च्या मे महिन्यात त्यांच्या पुढारपणात देशभरची रेल्वे थांबली. सरकारनं हजारो लोक तुरुंगात टाकले. वीसेक दिवसांनी संप मागे घेतला, पदरात काही न पडता. पुढं जॉर्ज मंत्री झाले, संरक्षण खातं सांभाळलं. त्यांनी पक्ष किती बदलले ते लोकांना पाठ आहे, पण तो संप मागे घेतल्यानं किती घरं वाचली असतील याबद्दल कोणी बोलत नाही. मागे घेतलेल्या संपाची आठवण काढायला कोणाला आवडत नाही.

हे सगळं मी तालेवार माणसासारखं बोलत होतो, चार वर्षांपूर्वीपर्यंत. मग माझ्याच वावरात संप झाला.

दिवाळीच्या तोंडावर कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता. वेचाई आठ रुपये किलो चालू होती. सोळा बाया सकाळी आल्या आणि धुऱ्यावरच बसल्या. त्यांच्यातली एक बोलकी. ती म्हणाली, "दहा द्यान त वेचू भाऊ, नाही त जातो आमी." मी बियाण्याचा भाव सांगितला, खताचा सांगितला, फवारणीचा सांगितला. ती म्हणाली, "तो हिशोब तुमचा हाय. आमचा तेलाच्या पिप्याचा हाय." मला तेव्हा डॉक्टर आठवले नाहीत, राग आठवला. जन्मभर कामगारांच्या बाजूनं पेपर वाचला आणि पहिल्याच दिवशी तोंडातून गिरणीमालक निघाला.

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ भरलं. बोंडातला कापूस भिजला तर त्याला कोण विचारतो? मी रात्री ठरवून टाकलं, सकाळी दहा कबूल करायचे. पण दिवेलागणीलाच ती एकटी दारात आली होती. "नऊ करा भाऊ. तीन दिवस बायांच्या घरी चूल कशी पेटली ते मले मालूम हाय. मी समजावतो त्याहिले." मी नऊ कबूल केले. आभाळाकडं पाहून मनात काय ठरत आलं होतं ते सांगितलं नाही. भाव करताना कोणी सांगतो का? दुसऱ्या दिवशी वेचणी सुरू झाली आणि पाऊसही आला नाही.

इथपर्यंत व्यवहार. पुढचं मात्र माझं कर्म. पानठेल्यावर कोणीतरी विषय काढला आणि मी शहाणपणानं बोलून गेलो, "मी त दहा द्यायले तयार होतो, तिनंच नऊवर तोडलं." माणसं हसली. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं, आणि पोहोचलं तेव्हा त्याचं रूप बदललेलं होतं: तिनं मालकाशी आतून जुळवलं. पुढं ती ग्रामपंचायतीला उभी राहिली. तिच्याच वस्तीतून पडली. किलोमागं रुपया वाढवून आणणारी पडली.

ती चुकली का? चुकली असं मला एका बाजूनं वाटतं. ती अंधारात एकटी आली, पंधरा जणींना न विचारता. गिरणी कामगारांचं मूळ भांडण हेच तर होतं, आमच्या वतीनं आम्हाला न विचारता कोणी बोलू नये. पण चूल कोणाची किती दिवस तग धरेल हे तिनं मोजलं, आणि माझ्या मनातले दहा तिला दिसणार कसे? एका रात्रीचा फरक. आभाळ निवळलं असतं तर मी आठवरच अडून बसलो असतो, मग तीच शहाणी ठरली असती. डॉक्टरांनाही पहिल्या सहा महिन्यांत असंच वाटत असेल का, की मालक उद्या वाकतील? ते वाकले नाहीत, तरी लोकांनी डॉक्टरांना सोडलं नाही. हिच्या वेळी मालक वाकला होता, आणि लोकांनी हिला सोडलं. यात न्याय कुठं आहे ते मला सापडत नाही. माझा वाटा किती, तेवढं मात्र सापडतं. विकली गेली की नाही हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तोंड उघडलं ते नेमकं उलटं.

मी तिची माफी मागितली, पण घरी जाऊन, चार माणसांत नाही. तिनं चहा दिला. म्हणाली, "जाऊ द्या भाऊ."

नंतर दोन हंगाम ती माझ्या वावरात आली नाही. यंदा दिग्रसच्या बाजारात भेटली, मिरच्या निवडत होती. मी म्हटलं, वहिनी, पऱ्हाटी फुटली आहे, बाया घेऊन या, भाव तुम्ही सांगाल तो. तिनं मिरच्या पिशवीत टाकल्या, पैसे दिले.

"बायांले इचारून सांगीन," म्हणाली.