रेणुकेचं ऊन

आमच्या सासूबाई माळकरी आहेत आणि माझ्या सनस्क्रीनच्या ट्यूबवर त्यांचा एकच आक्षेप आहे: जे मातीत जायचं त्याला एवढं काय चोपडायचं?

गालांवर वांग आले म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी ती ट्यूब लिहून दिली. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी, आणि उन्हात असलं तर दर दोन तासांनी पुन्हा. या हिशेबानं ती महिनाभरही पुरत नाही, आणि तिची किंमत निंदणीला येणाऱ्या बाईच्या दिवसाच्या रोजापेक्षा जास्त आहे. आक्षेप खर्चावर असता तर मी गप्प बसले असते. पण तो अध्यात्माचा आहे, आणि शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला वाद अर्ध्यावर सोडता येत नाही.

याच सासूबाई पाय चालत होते तोवर चैत्र वद्य एकादशीला उटीच्या वारीला त्र्यंबकेश्वरी जात. निवृत्तीनाथांच्या समाधीला उन्हाचा दाह होऊ नये म्हणून वारकरी सहाणेवर चंदन उगाळतात आणि समाधीला त्याची उटी लावतात. पंढरपुरात विठोबालाही पाडव्यापासून मृग निघेपर्यंत चंदनउटी असते. मी म्हटलं, "आत्याबाई, दगडाला ऊन लागतं आणि मला लागत नाही?"

त्या म्हणाल्या, "ते प्रेमानं असतं."

उत्तर बिनतोड आहे. गंमत म्हणजे विठोबा सावळा, आणि चंदन काही त्याला गोरा करायला लावत नाहीत. आमच्या लहानपणी मात्र उन्हात जायला बंदी होती ती एकाच भीतीपोटी: काळी पडशील, मग स्थळ कुठून येणार? कातडीच्या काळजीला देहाचे चोचले म्हणायचं ते या भीतीपुरतं मला मान्य आहे. वांग ही वेगळी गोष्ट. कातडीचं नुकसान करणारे अतिनील किरण त्या क्षणी चटका देत नाहीत, ढगातूनही येतात. त्यातले यूव्हीबी कातडी भाजतात, यूव्हीए आणखी खोल शिरतात. मेलॅनिन त्यातलं बरंच अडवतं, तरी वांग गोऱ्यांपेक्षा गव्हाळ-सावळ्यांनाच जास्त. डॉक्टरांनी हेही सांगितलं, की दाट विणीचं कापड पातळ लावलेल्या क्रीमपेक्षा भरवशाचं.

पण देह नाशवंत असण्याचा मुद्दा राहिलाच. गीतेत श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, शीत-उष्ण येतात-जातात, ते सोस. तितिक्षा म्हणतात ती हीच. कुंभमेळ्यात पंचाग्नी साधणारे तपस्वी असतात, चार बाजूंना धुनी आणि पाचवा वर सूर्य. त्यांच्यापुढे मी हात जोडते. मात्र ती आग त्यांनी स्वतः मागून घेतलेली आहे. अर्जुनाला सोसायला सांगितलं तेही त्याचं स्वतःचं दुःख. दुसऱ्याच्या वतीनं तितिक्षा करता येत नाही. आणि सावलीत बसून उन्हातल्या माणसाला ती शिकवणं याला काय म्हणावं, ते मी इथे लिहीत नाही.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, की छत्री आणि पादत्राणं दान देण्याची चाल पडली कशी? शरशय्येवरचे भीष्म त्यावर जमदग्नी-रेणुकेची गोष्ट सांगतात. जमदग्नी बाण सोडत होता आणि रेणुका धावत जाऊन ते आणून देत होती. युद्ध नव्हतं, शिकार नव्हती, सगळा खेळ. दिवस ज्येष्ठाचे, सूर्य माथ्यावर. डोकं आणि पाय पोळले म्हणून ती क्षणभर झाडाखाली थांबली आणि मग शापाच्या भीतीनं कापत परतली. उशीर का झाला, असं त्यानं विचारलं. कारण ऐकल्यावर त्यानं धनुष्य उचललं ते सूर्यावर.

सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला. म्हणाला, मी पाणी शोषतो तेच पावसाळ्यात परत देतो, त्यानंच अन्न पिकतं. माझा अपराध काय? आणि हलत्या निशाणावर नेम कसा धरशील? जमदग्नी म्हणाला, मध्यान्ही तू अर्धा निमिष थांबतोस, तेव्हा. आमच्या सिन्नरला २० मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते; तेव्हा मला हा संवाद हटकून आठवतो. शेवटी सूर्य शरण आला आणि त्यानं छत्री आणि चामड्याची पादत्राणं दिली. म्हणजे उन्हापासूनचा आडोसा खुद्द उन्हाच्या मालकानंच दिलेला आहे. सासूबाईंना हा भाग पटला. माहूरची रेणुका त्यांची कुलदेवी.

मला मात्र कथेत एक जागा रिकामी दिसते. सूर्य विचारतो, माझा अपराध काय? रेणुकेला उन्हात धाडलं कोणी, हे कुणीच विचारत नाही, भीष्मही नाही. जमदग्नीचं प्रेम खोटं नव्हतं, नाहीतर तो सूर्यावर कशाला उठता? त्याला एवढंच सुचलं नाही, की खेळ थांबवावा.

एप्रिलमध्ये आमच्या रानात कांदे काढायला बायांची टोळी येते. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टापर, तोंडाला फडकं. दाट विणीचं कापड त्यांना कुणा डॉक्टरानं सांगावं लागलं नाही. काम एकरी उक्तं असतं, त्यामुळे दुपारी थांबायचं की नाही ही त्यांची मर्जी, असं आमच्या भावकीत सगळेच म्हणतात. मर्जी कसली? लवकर आटपलं तर दुसऱ्याचा एकर मिळतो. क्षणभर झाडाखाली थांबायची मोकळीक रेणुकेलाही होतीच की.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे उदककुंभ देतात, त्याबरोबर छत्री, पंखा, वहाणा द्यायचीही चाल आहे. गुरुजी ते मोटारसायकलवरून घेऊन जातात. यंदा मी म्हटलं, छत्र्या टोळीला देऊ. सासूबाईंनी थोडा विचार करून होकार दिला. गुरुजींची दक्षिणा तेवढी वाढवा, म्हणाल्या.

टोळीची म्होरकी खळखळून हसली. "बाई, छत्री धरली तर इळा कोण धरील?"

बरोबर आहे. पुराणातली छत्री चालणाऱ्यासाठी आहे, दोन्ही हात कामात असलेल्यासाठी नाही. मग तिनंच तोड सांगितली. कांदे उपटायचं काम पहाटे उजाडताच सुरू करायचं. दुपारी ढिगाशी बसून पात कापायची असते, तिथे रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी शेडनेट चार बांबूंवर ताणून द्या. आणि उक्त्याचा भाव थोडा वाढवा, म्हणजे बाया दुपारी दुसऱ्याच्या बांधाकडे बघणार नाहीत.

शेडनेट त्याच संध्याकाळी आणली. भावावरून घरात अजून बोलणी चालू आहेत.