वेशीवरचे घर, गावातली सायकल

ॲम्स्टरडॅमला मोटरहोम घेऊन गेलेला शहाणा प्रवासी ती गाडी शहराच्या पोटात घालत नाही. कालव्यांच्या काठचे रस्ते अरुंद, पार्किंगचे दर डोळे पांढरे करणारे आणि रिंगरोडच्या आत जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव. म्हणून तो उत्तरेकडे, पाण्यापलीकडच्या एखाद्या तळावर गाडी लावतो, मागच्या स्टँडवरून सायकली उतरवतो आणि फेरीबोटीचा धक्का गाठतो. या बोटीला तिकीट नाही. पायी आलेला असो की सायकलवाला, दोघांनाही फुकट. काही मिनिटांत बोट मध्यवर्ती रेल्वे स्टेशनच्या मागे लागते. तिथून स्टेशनच्या पोटातून काढलेला बोगदा आहे, २०१५ साली खुला झालेला, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. चालणाऱ्यांच्या बाजूची भिंत टाइल्सच्या भव्य चित्राने भरली आहे. त्यात जुनी जहाजे लाटांवर हेलकावतात. बोगदा संपला की समोर राजधानी. स्टेशनसमोर पाण्याखाली सात हजार सायकली मावतील असा वाहनतळ २०२३ मध्ये बांधून ठेवलेला आहे.

मराठी माणसाचा युरोप बहुधा वेगळा असतो. सकाळी साडेसातला नाश्ता, साडेआठला बस, खिडकीतून आयफेल टॉवर, संध्याकाळी 'इंडियन डिनर'. यात हसण्यासारखे काही नाही. आयुष्यभराची पुंजी मोडून गेलेल्या निवृत्त शिक्षकाला परक्या देशात सुखरूप फिरवून आणणे हे कौशल्याचेच काम आहे. पण अशा सहलीत शहर काचेपलीकडे राहते. कोणत्या गल्लीत पाव भाजल्याचा वास येतो आणि शाळा सुटल्यावर पोरे कुठे थांबतात, हे बसच्या उंचीवरून कळत नाही. मोटरहोम आणि सायकल ही जोडी नेमकी तिथे उपयोगी पडते. मोठे वाहन अंथरूण-पांघरूण वाहून आणते आणि वेशीवर थांबते. लहान वाहन आत जाते.

ही सोय आभाळातून पडलेली नाही. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर 'मुलांचे खून थांबवा' अशा थेट नावाचे आंदोलन उभे राहिले आणि लोक रस्ते अडवून बसले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवार मोटारबंद जाहीर केले, तेव्हा रिकाम्या हमरस्त्यांवर माणसे सायकली घेऊन उतरली. आज ज्या डच सायकलसंस्कृतीची वाखाणणी होते, तिच्या मुळाशी राग होता.

मोटरहोमचे कौतुकही बेताने केलेले बरे. बहुतेक गाड्या साडेतीन टनांच्या आत बांधलेल्या असतात, कारण साध्या मोटारीच्या परवान्यावर तेवढेच वजन चालवता येते असा युरोपातला वर्षानुवर्षांचा नियम. पिण्या-धुण्याच्या पाण्याची टाकी शंभर लिटरच्या आसपास. भांडी धुतलेले पाणी दुसऱ्या टाकीत साठवायचे, संडासाची पेटी ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करायची. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गावोगावी तळ आहेत, तिथे नळ, सांडपाण्याची जाळी आणि विजेचा खांब असतो. खरा चमत्कार गाडीचा नव्हे, त्या जाळीचा आहे. शंभर लिटरमध्ये चौघांनी दोन दिवस काढायचे हे कुणाला साहस वाटेल, लातूरकराला वाटणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आले, तेव्हा घराघरात भांडी धुतलेले पाणी कशाकशाला वापरायचे याचा हिशेब गृहिणींना तोंडपाठ होता.

फिरते घर मराठवाड्याला नवे नाहीच. दिवाळी सरली की ऊसतोड कामगारांचे संसार ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि कारखान्याच्या आवारात कोप्या उभ्या राहतात. तिथे तळ म्हणून मिळते ते बहुधा उघडे रान. त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही. पण नांदेडला चाकांवरचा संसार आनंदाने येताना दिसतो. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, इथे गोदावरीच्या काठी आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्या दर्शनाला पंजाबातले जथे मुख्यतः सचखंड एक्स्प्रेसने येतात, पण बसगाड्या आणि ट्रकही असतात. ट्रकच्या हौद्यात मधोमध फळ्या टाकून दोन मजले केलेले, वर ताडपत्री, पुढे निशाण. आत गाद्या, पाण्याचा ड्रम, पिठाची पोती, सिलिंडर आणि चार माणसांनी उचलावे असे पातेले. वाटेत ढाब्यापाशी किंवा झाडाखाली गाडी थांबते, तास-दीड तासात पोळी-डाळ तयार होते, आणि ताटात वाढून घेणारा जथ्यातलाच असावा लागत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने फळ्यांचा तो मजला धोक्याचाच आहे, याबद्दल मात्र दुमत नसावे. याच पंजाबातल्या शेतकऱ्यांनी २०२०-२१ मध्ये ट्रॉल्यांची घरे करून दिल्लीच्या वेशीवर वर्षभर मुक्काम ठोकला होता. चाकांवर राहण्याची सवय त्यांना तिथे नव्याने लावून घ्यावी लागली नसणार.

नांदेडला पाहुणचाराची सवय जुनी. यात्री निवास आहेत, अहोरात्र लंगर आहे, दूरवरच्या गुरुद्वारांचे दर्शन घडवणाऱ्या बसगाड्या आहेत. दिवाळीत गोदावरीच्या पाण्याने तख्त धुतले जाते, तेव्हा गर्दीला पार नसतो. मार्च २०२० मध्ये होला मोहल्ल्याच्या सणासाठी आलेले हजारो यात्रेकरू टाळेबंदीत अडकले. एप्रिलअखेर पंजाबहून बसगाड्या येईपर्यंत त्यांना इथेच जेवणखाण आणि निवारा मिळाला. पाहुणा अडकला तर त्याला सांभाळायचे कसे, हे या शहराला कुणी धोरण काढून शिकवावे लागले नाही.

त्याउपर २००८ साली नांदेडला दुसरी गोष्टही मिळाली होती. गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरुपद ग्रंथसाहिबाला दिल्याच्या, त्रिशताब्दीसाठी नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून निधी आला आणि शहरातले मुख्य रस्ते नव्याने बांधले गेले. 'दिल्ली हाट'चे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांनी या रस्त्यांची मांडणी केली. रुंद पदपथ, झाडे, बसायला बाक, फेरीवाल्यांसाठी जागा आणि सायकलींसाठी वेगळी वाट. देशभरातले नगररचनाकार नांदेडचे उदाहरण देऊ लागले. मराठवाड्यातल्या एका शहराचे नाव रस्त्यांच्या मांडणीसाठी घेतले जावे, हे आधी कधी घडले होते का?

मग जे व्हायचे तेच झाले. सायकलची वाट दुकानांसमोरच्या दुचाक्यांनी घेतली, पदपथावर पाट्या आणि हातगाड्या आल्या. इथे सायकलवाल्यांची वाण नव्हती, वाण होती ती त्यांना विचारण्याची. दूधवाला, मिस्त्री, शाळकरी पोर हे सायकलवर असतात आणि सभेत मागच्या रांगेत. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आणि गावापासून शाळेपर्यंतचे अंतर त्यांनी पायाखाली घातले. तीच मुलगी नांदेडला किंवा लातूरला शिकवणीसाठी आली की चौकाचौकात रिक्षा-दुचाक्यांच्या गर्दीत सापडते. युरोपातल्या पर्यटकाची सायकल हौस आहे, हिची गरज. रस्ता मात्र दोघींना एकच लागतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन तळांचाही विचार आहे, ही चांगली बाजू. पण धोरणाची नजर रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रे आणि निसर्गरम्य जागांकडे आहे. शहराच्या वेशीवर तळ, तिथून आत सायकल, हा विचार त्यात ठळक दिसत नाही. नांदेड त्यासाठी सोयीचे आहे. तुळजापूर-लातूरकडून येणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आणि अकोला-हिंगोलीकडून येणारा १६१ हे दोन्ही इथेच येऊन मिळतात. स्टेशनपासून सचखंड चालत अर्ध्या तासाच्या आत. नगीना घाट आणि बंदा घाट शहरातच, नदीकाठी. लातूर फाट्याच्या बाजूला गाडी लावून गोदावरीचा पूल सायकलने ओलांडला तर सकाळच्या उन्हाआधी हे सगळे फिरून होईल.

तळाला फार काही लागत नाही: नळ, सांडपाण्याची जाळी, संडास रिकामा करायची सोय, विजेचा खांब, सावली. पंजाबचा ट्रक आणि पुण्याची कॅरॅव्हॅन तिथे शेजारी लागू शकतात, आणि दोघांना एकाच नळाचे पाणी चालेल. एवढे बांधून देणारे कंत्राटदार नांदेडात शेकड्याने मिळतील. मे महिन्यात बेचाळीस अंशांत सायकल चालवायची तर पुलापासून घाटापर्यंत झाडांची रांग हवी, आणि ती लावून जगवायला चार-पाच वर्षे द्यावी लागतील. सगळ्यात अवघड काम शहरातल्या वजिराबाद भागात आहे. २००८ मध्ये सायकलींसाठी आखलेल्या त्या वाटेवर आज ज्यांच्या गाड्या उभ्या असतात, त्यांना त्या दुसरीकडे लावायला सांगायचे आहे, आणि ते सांगायला एकही नगरसेवक निवडणुकीच्या वर्षात पुढे येणार नाही.