दर्शनी टेबलावरचा हिशोब

१९५६ साली न्यूयॉर्कच्या पुस्तकांच्या दुकानांत 'आय, लिबर्टीन' नावाच्या कादंबरीची विचारणा एकाएकी वाढली. लेखक म्हणे फ्रेडरिक आर. युइंग, अठराव्या शतकातल्या इंग्लंडचे कुणी जाणकार. विक्रेत्यांनी सूच्या चाळल्या, वितरकांकडे चौकशी केली, पण पुस्तक मिळेना. मिळणार कुठून? ते अजून लिहिलंच गेलं नव्हतं. डब्ल्यूओआर रेडिओवर मध्यरात्रीनंतर गप्पा मारणारा जीन शेफर्ड याने श्रोत्यांना सांगितलं होतं, की दुकानात जा आणि हे नसलेलं पुस्तक मागा. सर्वाधिक खपाच्या याद्या बनवताना दुकानदारांना विचारलं जातं आणि त्यात विक्रीबरोबर नुसती मागणीही धरली जाते, हे त्याला खटकत होतं. गंमत इतकी वाढली की बॅलंटाइन प्रकाशनाने विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन यांना बसवून ती कादंबरी घाईघाईने लिहून घेतली, युइंग म्हणून शेफर्डचाच फोटो छापला आणि त्याच वर्षी ती विकायलाही काढली.

ही थट्टा जमली, कारण याद्यांचा पायाच दुकानदाराच्या सांगण्यावर उभा होता. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या 'द बुकमन' मासिकाने निरनिराळ्या शहरांतल्या विक्रेत्यांना विचारून 'सध्या कशाला मागणी आहे' हे छापायला सुरुवात केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९३१ मध्ये यादी सुरू केली तेव्हा तीही फक्त न्यूयॉर्क शहरापुरती होती. पुढे ती देशभराची झाली, तिचा दबदबा वाढला, आणि एकदा नाव लागलं की पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ते सोनेरी अक्षरांत मिरवायची रीत पडली. पण कोणत्या दुकानांकडून आकडे येतात आणि त्यांना किती वजन दिलं जातं, हे वर्तमानपत्र सांगत नाही. 'द एक्झॉर्सिस्ट'चे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनी १९८३ मध्ये, आपली 'लीजन' ही कादंबरी पुरेशी खपूनही यादीत आली नाही म्हणून थेट खटला भरला. वर्तमानपत्राचा बचाव मासलेवाईक होता: ही यादी संपादकीय मजकूर आहे, गणिती मोजमाप नव्हे. अखेर न्यायालयाचा कौल वर्तमानपत्राच्या बाजूने गेला. म्हणजे लाखो वाचक ज्याला आकडेवारी समजतात तो कायद्याच्या दृष्टीने अभिप्राय ठरला.

जी गोष्ट अशी गुपचूप मोजली जाते, तिला चोरवाटा फुटतातच. १९९५ मध्ये व्यवस्थापनावरच्या एका पुस्तकाच्या हजारो प्रती देशभरातल्या छोट्या छोट्या दुकानांतून पद्धतशीरपणे उचलल्या गेल्याचं 'बिझनेस वीक'ने उघड केलं. २०१७ मध्ये 'हँडबुक फॉर मॉर्टल्स' ही किशोरांसाठीची कादंबरी 'टाइम्स'च्या यादीत एकदम पहिली आली आणि त्याच दिवशी यादीतून काढलीही गेली. आधी दुकानांना फोन आले होते, म्हणे: तुम्ही 'टाइम्स'ला आकडे कळवता का? हो म्हटलं की प्रतींची मोठी मागणी. १९९५ च्या प्रकरणात गळ टाकला गेला तो छोट्या दुकानांच्या पाण्यात. छोट्या दुकानाच्या आकड्याला मोठं वजन असतं असा समज होता, आणि त्या वजनामागे एक साधा विश्वास होता. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो, तिथली एक प्रत म्हणजे एक वाचक.

खरं तर त्या आठवड्यात जे पुस्तक सगळ्यात धडाक्यात खपतं, त्यावर छोट्या दुकानाचं पोट भरतंच असं नाही. जुलै २००७ मध्ये हॅरी पॉटरचा शेवटचा भाग आला. ब्रिटनमध्ये त्याची छापील किंमत १७.९९ पौंड होती आणि अॅस्डा या सुपरमार्केटने तो ५ पौंडांना विकायला काढला. दूध-पाव घ्यायला येणाऱ्याला खेचण्यासाठी पुस्तकावर तोटा सोसायला ही दुकानं तयार असतात. काही छोट्या विक्रेत्यांनी मग आपल्या गिऱ्हाइकांसाठी पॉटरच्या प्रती वितरकाऐवजी सुपरमार्केटातूनच आणल्या, कारण तिथे त्या घाऊक दरापेक्षा स्वस्त होत्या. शतकातल्या सर्वात गाजलेल्या पुस्तकांपैकी एक, आणि पुस्तक विकण्यावर जगणाऱ्याला त्यातून जवळजवळ काही सुटत नव्हतं.

हे ब्रिटनमध्ये घडू शकलं, कारण प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच पुस्तक विकायचं बंधन तिथे १९९५ च्या सुमारास कोसळलं होतं. फ्रान्सने उलटी वाट धरली. संस्कृतिमंत्री जाक लांग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सवलत द्यायला मनाई केली. पॅरिसच्या कोपऱ्यावरचं दुकान आणि शहराबाहेरचा अजस्र मॉल यांची किंमत एकच झाली. मग दुकानदाराकडे चढाओढीसाठी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे निवड. सवलत दिसली की हात आपोआप पुढे जाणाऱ्या मराठी वाचकाला हा कायदा जाचक वाटेल. पण आपल्याकडच्या सवलतीचे पैसेही कुठून तरी येतातच. बहुतेक वेळा ते छापील किमतीत आधीच घातलेले असतात.

निवडीचं मोल किती, याचा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्येच झाला. लंडनच्या मॅरिलबोन भागात १९९० पासून स्वतःचं दुकान चालवणाऱ्या जेम्स डॉन्ट यांच्याकडे २०११ मध्ये डबघाईला आलेली 'वॉटरस्टोन्स' ही दुकानांची साखळी सोपवण्यात आली. दर्शनी टेबलावर आणि खिडकीत पुस्तक मांडण्यासाठी तोवर प्रकाशक साखळीला पैसे मोजत, आणि ही रक्कम वर्षाला काही कोटी पौंड होती. डॉन्ट यांनी ती नाकारली आणि कोणत्या शाखेत काय मांडायचं हे तिथल्या माणसांवर सोडलं. प्रकाशकांना परत जाणाऱ्या न खपलेल्या प्रतींचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्याआधी गिऱ्हाइकाला वाटत होतं की टेबलावर लोकप्रिय पुस्तकं आहेत. प्रत्यक्षात तिथे भाड्याने घेतलेल्या जागा होत्या. पुस्तकं तिथे होती म्हणून खपत, आणि खपत म्हणून यादीत जात.

याच वॉटरस्टोन्सने २०१३ चं 'वर्षाचं पुस्तक' म्हणून निवडलेली कादंबरी अठ्ठेचाळीस वर्षांची जुनी होती. जॉन विल्यम्स यांची 'स्टोनर' १९६५ मध्ये आली, जेमतेम दोन हजार प्रती खपल्या आणि लवकरच बाजारातून गेली. लेखक १९९४ मध्ये वारला. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २००६ मध्ये अमेरिकेत ती पुन्हा छापली गेली, २०११ मध्ये आना गावाल्दा यांनी ती फ्रेंचमध्ये नेली, आणि मग युरोपभर ती हातोहात खपली. एका मिसुरीच्या प्राध्यापकाचं बेताचं, अपयशी वाटणारं आयुष्य, एवढाच तिचा ऐवज. जाहिरातदाराला धरायला त्यात काहीच नव्हतं. अशी पुस्तकं एका वाचकाने दुसऱ्याच्या हातात कोंबावी लागतात. अलीकडे हे काम टिकटॉकवरच्या तरुण मुलीही करतात: दस्तयेवस्कीची १८४८ मधली 'व्हाइट नाइट्स' ही दीर्घकथा २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपलेल्या अनुवादित पुस्तकांत जाऊन बसली, ती त्यांच्यामुळेच. समीक्षकांनी नाकं मुरडली तर मुरडोत.

मराठीत अशी सर्वमान्य साप्ताहिक यादीच नाही. आपण खप मोजतो तो आवृत्त्यांनी, आणि आवृत्ती हे मोठं लबाड माप आहे. पूर्वी आवृत्ती म्हटलं की हजार-अकराशे प्रती गृहीत धरल्या जात. आता ती पाचशेची असू शकते, तीनशेचीही. तंत्रज्ञानामुळे मागणी येईल तशा पन्नास प्रती छापता येतात आणि त्यालाही कुणी 'दुसरी आवृत्ती' म्हणू शकतं. शिवाय प्रत खपली म्हणजे कुणी ती निवडून घेतली असं नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात अनुदानित वाचनालयांचं जाळं पसरलं, त्यांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. अनुदानाचा हप्ता आला की होणारी खरेदी हा अनेक प्रकाशकांचा मोठा आधार आहे. ती वाईट नाही. खेड्यातल्या मुलाच्या हाती पुस्तक पडतं ते तिच्यामुळेच. पण त्या खरेदीवरून लोक काय वाचताहेत हे कळत नाही.

तरीही आवृत्त्यांच्या या मापाने एक गोष्ट नीट दाखवली आहे. मराठी पुस्तक वेगाने खपत नाही, टिकून खपतं. 'श्यामची आई' १९३५ ची, 'ययाति' १९५९ ची, 'कोसला' १९६३ ची, 'मृत्युंजय' १९६७ ची. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली, आणि वाटी-चमच्याचं नेमकं प्रमाण देणाऱ्या या पुस्तकाच्या प्रती सासुरवाशिणींच्या सामानातून देशोदेशी गेल्या. यांतलं कुठलंही पुस्तक आज मागितलं तर दुकानदार शिडी न चढता काढून देतो. न्यूयॉर्कच्या पद्धतीची यादी त्यांना एका जागी पकडू शकली नसती, कारण कोणत्याही एका आठवड्यात ही पुस्तकं दुसऱ्या कुठल्याशा नव्या पुस्तकाच्या मागेच राहिली असती. मधूनमधून सिनेमा त्यांना ढुशी देतो. २०१३ च्या चित्रपटानंतर सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' कॉलेजातली मुलं मागू लागली. शिवाजी सावंतांची १९७९ मधली 'छावा' ही कादंबरी फेब्रुवारी २०२५ मध्ये हिंदी पडद्यावर आली आणि ती पुन्हा चर्चेत आली.

एक यादी मात्र आपल्याकडे आहे, आणि ती कुणालाही फसवता येत नाही. फूटपाथवर प्लॅस्टिकच्या कागदावर मांडलेली बनावट पुस्तकं पाहावीत. चोरून छापणाऱ्याला ना लेखकाची भीड, ना प्रकाशकाचा लोभ, ना वाचनालयाचं अनुदान. न खपणारी एक प्रत म्हणजे त्याच्या खिशाला सरळ खार, म्हणून तो फक्त खात्रीचं छापतो. 'रिच डॅड पुअर डॅड', 'द अल्केमिस्ट', 'इकिगाई', 'अॅटॉमिक हॅबिट्स', 'द सायकॉलॉजी ऑफ मनी', आणि मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या. रीतसर दुकानांच्या दर्शनी टेबलावरही, यांचे अधिकृत मराठी अनुवाद धरून, साधारण हीच मंडळी बसलेली दिसतात. पैसा कसा राखावा, सवयी कशा लावाव्यात आणि शिवाजी-संभाजी महाराज कसे होते: आजच्या मराठी गिऱ्हाइकाच्या या तीन चौकशा आहेत. त्यांना हसण्याचं कारण नाही. पहिल्या पिढीत पगाराची नोकरी लागलेल्या मुलाला म्युच्युअल फंड समजावून सांगणारं घरात कुणी नसतं. तो पुस्तकाकडे जातो, ही पुस्तकाच्या धंद्याला लाभलेली मोठी गोष्ट आहे.

अडचण दुसरीकडे आहे. टिकाऊ जुनं आणि अनुवादित नवं यांच्यामध्ये आजचा मराठी लेखक चेंगरतो. गेल्या वर्षी आलेली चांगली कादंबरी दोनशे प्रतींवर अडली की बाराशेवर गेली, हे प्रकाशकाखेरीज कुणाला कळत नाही. विक्रीची नोंद ठेवणारी नीलसन बुकस्कॅन ही सेवा भारतात आहे, पण ती मुख्यतः इंग्रजी पुस्तकांची. त्यामुळे परळीच्या किंवा मडगावच्या विक्रेत्याने नवं काय मागवावं, याला तोंडी बातमीशिवाय आधार नाही. तो मग 'मृत्युंजय'च मागवतो. त्यात त्याचा दोष नाही. पैसे अडकवण्याची ऐपत त्याच्याकडे नसते, आणि न खपल्यास परत घेऊ असं प्रत्येक प्रकाशक म्हणत नाही. यादीचे तोटे वर पाहिलेच, पण यादी नसण्याची किंमत नव्या लेखकाच्या माथी पडते. जुन्याला तिची गरजच नसते.

कोणतं पुस्तक कुणाकडे जाईल, हे मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलला तोंडपाठ होतं. टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात पुस्तकं मांडली, पुढे फोर्टमध्ये दुकान थाटलं, सगळ्यांना सरसकट २० टक्के सवलत दिली, आणि कुणाला काय दाखवायचं हे लक्षात ठेवलं. शानभाग २००९ मध्ये गेले, दुकान २०१८ मध्ये बंद झालं. एका माणसाच्या स्मरणातली यादी त्याच्याबरोबर जाते. कागदावरची राहू शकते.

म्हणून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली दोन-तीन, दादरमधली एक-दोन, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि गोव्यातलं एखादं, एवढ्याच दुकानांनी शनिवारी रात्री बिलं एकत्र करून दहा नावं छापली तरी पुष्कळ झालं. अमेरिकेतल्या स्वतंत्र विक्रेत्यांची संघटना दर आठवड्याला अशी आपली वेगळी यादी काढतेच. इथे सुरुवातीला घोळ होतील. प्रकाशन समारंभात लेखकाचे मेहुणे, साडू आणि ऑफिसातले सहकारी मिळून साठ प्रती घेतील आणि काव्यसंग्रह अचानक तिसऱ्या क्रमांकावर येईल. तो आठवडा सोडून द्यायचा. पहिल्या पाचांत बहुधा 'मृत्युंजय', 'छावा', एखादा सवयींचा अनुवाद आणि स्पर्धा परीक्षेचं एखादं जाडजूड पुस्तक ठाण मांडून बसतील, महिनोन्महिने हलणार नाहीत. बघायचं ते सातव्यापासून पुढे. तिथे फक्त नऊ प्रती खपलेलं, एकाच दुकानातून खपलेलं, कुणा विक्रेत्याने वाचून गिऱ्हाइकांच्या गळी उतरवलेलं नवं पुस्तक असेल, आणि पुढच्या शनिवारी ते दुसऱ्या एखाद्या गावच्या बिलांत दिसतं का, एवढंच पाहायचं.