विर्ड

कॉलेजातली पोरं हल्ली कुणाचा शर्ट जरा वेगळा दिसला की 'काय वियर्ड आहे!' म्हणतात. हा शब्द एके काळी माणसांच्या जिवावर उठत होता, हे त्यांच्या गावीही नसतं.

जुन्या इंग्रजीत तो 'विर्ड' होता, म्हणजे नियती. शब्द निघाला 'होणे' या अर्थाच्या अगदी साध्या क्रियापदातून. जर्मनमधलं 'वेर्डन' त्याचंच भावंड. आणखी मागं गेलं की 'वळणे' अर्थाचा धातू लागतो, तोच संस्कृतातला 'वृत्'. आपलं वर्तन आणि वर्तमान त्याच्याच भावकीतले. नियतीला लॅटिन शब्द 'फाटुम', म्हणजे देवानं उच्चारलेलं. आपल्याकडं पाचवीच्या पूजेत कोरा कागद नि लेखणी ठेवतात, सटवाईनं लिहावं म्हणून. बोलणारा काय, लिहिणारी काय, दोघंही बाहेरचे. 'विर्ड' या शब्दात मात्र हुकूम देणारं कुणी नाही. जे होत गेलं तेवढंच आहे. पुढं कवींनी या विर्डला मागावर बसवून माणसांचं आयुष्य विणायला लावलं, ते वेगळं.

'बेओवुल्फ' या महाकाव्याची एकुलती प्रत साधारण इ.स. १०००च्या सुमाराची. त्यात ब्रेका नावाच्या सोबत्याबरोबर समुद्रात पोहताना जलराक्षसांशी रात्रभर झुंजून वाचल्याची हकीकत नायक भर दरबारात सांगतो. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की ज्याची घटका भरलेली नाही त्याला विर्ड पुष्कळदा तारते, पण हिंमत शाबूत असेल तर. नियती म्हणायची आणि वर अट घालायची! तर्कशास्त्राच्या पेपरात याला शून्य मिळेल. पण नियती म्हणजे होत जाणं असं धरलं, तर माणसाची हिंमतही त्या होण्यातच आली की.

आल्फ्रेड राजाच्या नावावर चालणाऱ्या बोएथियस या तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या भाषांतरात ही विर्डबाई देवाच्या हाताखाली कामाला लागली. ख्रिस्ती धर्मात तिला दुसरी जागा नव्हतीच.

इंग्लंडात शब्द मागं पडला, स्कॉटलंडात तगला. होलिन्शेडच्या बखरीतून तो 'मॅकबेथ'मध्ये आला, तोही तीन 'वियर्ड' बहिणींचं विशेषण होऊन. १६२३ साली नाटक छापलं गेलं तेव्हा स्पेलिंगचाच घोळ झाला. कुठं 'वेवर्ड', कुठं 'वेयर्ड'. नियतीच्या या बहिणींना दाढ्या, पुढ्यात उकळती कढई. प्रेक्षकांना ध्यान तेवढं लक्षात राहिलं, आणि कवी शेलीच्या काळापर्यंत विशेषणाचा अर्थ अद्भुत, चमत्कारिक असा होऊन बसला.

खरं तर त्या तिघी मॅकबेथला सांगतात, की तू राजा होशील. पण त्यासाठी राजा डंकनला मार, असं एकीच्याही तोंडून निघत नाही. मॅकबेथचा सोबती बँकोही तिथंच उभा असतो. आपल्या वंशाला गादी मिळणार हे तोही ऐकतो आणि कुणावर खंजीर उगारत नाही. मॅकबेथला तेवढी कळ सोसवत नाही. मग एक खून पचवायला दुसरा, दुसरा झाकायला तिसरा. यातला एकही त्या बहिणींनी सांगितलेला नव्हता.