हातातली दोरी



पाण्याने भरलेल्या गुहेत उतरणाऱ्या पाणबुड्यांना खोल पाण्याइतकीच भीती तळाशी बसलेल्या बारीक गाळाची वाटते. पायाचा एक चुकीचा फटका बसला की गाळ उसळतो आणि हातात दिवा असूनही काही दिसेनासे होते. डोक्यावर दगडाचे छत असते. समुद्रासारखे सरळ वर येता येत नाही.

अशा वेळी काय करायचे हे त्यांना आधीच शिकवलेले असते. पहिले म्हणजे थांबायचे. मग आत येताना गुहेच्या तोंडापासून बांधत आणलेली दोरी अंगठा व तर्जनीच्या कड्यात धरायची आणि हळूहळू सरकायचे. दोरीला बाणाच्या आकाराच्या खुणा असतात. त्या चाचपून बाहेरची दिशा कळते. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक परतण्यासाठी व एक संकटासाठी, हा हिशेब पाण्यात शिरण्यापूर्वीच ठरलेला असतो.

आपल्या घरातही गाळ उसळतो. डॉक्टरांचा रिपोर्ट येतो, नोकरी जाते, तरुण मुलगा बोलेनासा होतो. मग आपण हातपाय झाडतो, घरच्यांवर ओरडतो, घाईने कर्ज काढतो, कुणी तर (बाप्तिस्मा झालेला असूनही!) ज्योतिषाकडे धावतो. गाळ आणखी वर येतो. संध्याकाळची रोझरी, रविवारची मिस्सा ही दोरी उजेड असतानाच बांधावी लागते.

पण दोरी सुटलीच तर? ‘वीस वर्षे पापनिवेदनाला गेलो नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ?’ असे म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत.

२०१८ साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेत १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही तिथे गेले होते. १० जुलै रोजी, शेवटच्या दिवशी, ब्रिटिश पाणबुडे ख्रिस ज्युवेल गुंगीचे औषध दिलेल्या एका मुलाला घेऊन गढूळ पाण्यातून येत असताना त्यांच्या हातून दोरी निसटली. चाचपडताना त्यांना विजेची एक तार सापडली. तिच्या आधाराने ते हवा असलेल्या एका पोकळीत पोहोचले. आपणच हे मूल बाहेर नेले पाहिजे असा हट्ट त्यांनी धरला नाही. मागून येणाऱ्या सोबत्यांची वाट पाहिली आणि मूल त्यांच्या हाती सोपवले. ते मूल वाचले. तेराही जण वाचले.

मात्र त्याआधी, ६ जुलै रोजी, गुहेत हवेच्या टाक्या ठेवून परतताना थाई नौदलाचे माजी पाणबुडे समान कुनान मरण पावले होते. आजच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी आपण त्यांची व त्यांच्या कुटुंबियांची आठवण करू या.