सातपुड्यात एकट्यानं

एकट्यानं तंबू घेऊन निघायचं म्हटलं, की लोक थेट हिमालयाचं नाव काढतात. आपल्याला उत्तरेला सातपुडा आहे की! धुळेकरांना शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण जवळचं. जळगावहून निघालात, तर सावद्यापुढं केळीच्या बागा हळूहळू मागं पडतात, साग आणि अंजन दिसू लागतात आणि पाल हे गाव येतं. जवळच गारबर्डीला सुकी नदीवरचं धरण. इथलं यावल अभयारण्य १९६९ सालचं. आत मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते आणि ती लागावीच. बाहेर एखाद्या पाड्याजवळ, विचारून तंबू ठोकावा. ‘एकटेच आलात?’ एवढं विचारून कुणीतरी चुलीवरची गरम भाकरी आणि ठेचा पुढं करतंच. तिथं एकांताचा हट्ट धरू नये. आणि डिसेंबरात जाणार असाल, तर एक गोधडी जास्तीची घ्या.